अंधाराची अप्रतिष्ठा

एखादें रूपक जोंपर्यंत काव्यांत राहतें तोंपर्यंत त्याची चिकित्सा फार तर आमच्यासारखे साहित्याचे अध्यापक करतात, आणि त्या चिकित्सेनें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु तेंच रूपक काव्यांतून उठून नगरपालिकेच्या ठरावांत, पर्यटनाच्या जाहिरातींत आणि विजेच्या खांबांवर जाऊन बसलें म्हणजे त्याच्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहणें भाग पडतें. प्रकाश म्हणजे ज्ञान, मांगल्य, प्रगति. अंधार म्हणजे अज्ञान, पाप, मागासलेपणा, हें समीकरण आमच्या भाषेंत इतकें मुरलें आहे कीं तें मुळांत रूपक आहे याचीच आम्हांस आठवण राहिलेली नाहीं. लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जो उजेड वाढला त्याचें समर्थन कोणीं मागितलें नाहीं व कोणीं दिलेंहि नाहीं. तें भाषेनेंच आधीं करून ठेवलें होतें. या समीकरणाची परीक्षा करावयाची तर अंधार हेंच ज्याचें घर आहे असा साक्षीदार हवा. मावळच्या लेण्यांतून आणि कपारींतून राहणारें वटवाघूळ हा तो साक्षीदार होय.

हें रूपक जन्मलें त्या काळीं तें यथार्थ होतें, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. अंधारांतून प्रकाशाकडे नेण्याची बृहदारण्यकांतील प्रार्थना ज्यांनीं केली, किंवा शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरांनीं ज्या श्रोत्यांपुढें सूर्याचे आणि दीपाचे दृष्टांत मांडले, त्यांच्या जगांत रात्र अफाट होती आणि दिवा एवढासा होता. समईंतलें तेल बेतानें घालावें लागे. वारा सुटला कीं ज्योतीला पदराचा आडोसा करावा लागे. जी वस्तु दुर्मिळ तिला मंगल मानणें हा मनुष्यस्वभावच आहे. मावळांतच भाज्याच्या एका विहारांत, दाराशेजारीं, चार घोड्यांच्या रथांत बसलेल्या एका देवाचें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें शिल्प आहे. त्याला सूर्य मानण्याची परंपरा आहे, आणि रथाखालीं चिरडलेल्या आकृति अंधाराच्या असुरांच्या समजल्या जातात. विद्वानांत याविषयीं मतभेद आहेत. पण तो सूर्य असो वा नसो, आम्हीं त्याला सूर्य ठरविलें आणि त्याच्या चाकाखालीं अंधार घातला, यांत आमची मनोरचना स्पष्ट दिसते.

या परंपरेंत निराळा सूर अगदींच नाहीं असें नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील एकुणसत्तराव्या श्लोकांत एकाची रात्र ही दुसऱ्याची जागृति असूं शकते अशी कल्पना आहे. शंकराचार्यांना त्यावर भाष्य करतांना रात्रीं वावरणाऱ्या प्राण्यांची आठवणहि झाली. पण ती कशासाठीं? अज्ञानी जनांना उपमा देण्यासाठीं! निशाचर आठवला खरा, परंतु तो स्वतःसाठीं नव्हे, दुसऱ्याच्या अज्ञानाचें माप म्हणून आठवला. पुढील वाङ्मयांत त्याचें स्थान बहुधा तेंच राहिलें आहे.

वटवाघळाची स्थिति तर याहून हीन. नागाला पंचमी आहे, बैलाला पोळा आहे, उंदीर गणपतीचें वाहन झाला, कावळ्यावांचून पिंड शिवला जात नाहीं, आणि ज्या घुबडाला आम्ही अपशकुनी म्हणतों तेंहि लक्ष्मीच्या पायांशीं जाऊन बसलें आहे. वाघळाला सणहि नाहीं आणि देवहि नाहीं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं इसापाच्या नीतिकथा मराठींत आणल्या. त्या इसापाच्या कथापरंपरेंतलें वाघूळ पशुपक्ष्यांच्या लढाईंत दोन्ही पक्षांशीं लबाडी करतें आणि शिक्षा म्हणून रात्रीच्या हवालीं होतें. म्हणजे रात्र ही तुरुंग, आणि तिच्यांत राहणारा तो कैदी! भयकथांच्या लेखकांना पडक्या वाड्यांत शिरतांना दाराशीं फडफडणारें कांहीं तरी लागतें, तेवढ्यापुरता त्याचा उपयोग होतो. बोलींत आम्ही आळशी माणसाला वटवाघळासारखा लोंबकळतो म्हणतों. सारी रात्र श्रम करून दिवसा निजणाऱ्या प्राण्यावर हा आरोप आहे, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कायद्यानेंहि साहित्याचाच कित्ता गिरविला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें, एखादा अपवाद सोडल्यास, फळें खाणारीं वटवाघळें उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टांत टाकलीं. तें परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीनें गेलें. पन्नास वर्षें एका शब्दानें त्यांच्यावर राज्य केलें.

आमच्या लेखकांना निसर्ग दिसत नाहीं, असें माझें म्हणणें नाहीं. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'नें १९५६ मध्यें मराठी वाचकाला झाडाकडे झाड म्हणून पाहावयास शिकविलें. मारुती चितमपल्ली यांनीं तर आपल्या एका पुस्तकाला 'रातवा' या निशाचर पक्ष्याचेंच नांव दिलें. पण असे अपवाद मोजावे लागतात. एरवीं मराठी ललित लेखकाचें निसर्गप्रेम दिवेलागणीला घरीं परततें.

वस्तुतः हा प्राणी काय आहे? जगांत वटवाघळांच्या चौदाशेंहून अधिक आणि भारतांत सव्वाशेंहून अधिक जाति आहेत. सस्तन प्राण्यांत पंख मारून खऱ्या अर्थानें उडणारा हा एकच वर्ग. इटलींतील लाझारो स्पालांझानी या पाद्री संशोधकानें १७९३ च्या सुमारास पाहिलें कीं ज्या मिट्ट काळोखांत पाळलेलें घुबडहि चाचपडतें त्यांत वटवाघूळ निर्वेधपणें उडतें, आणि त्याचे डोळे गेले तरीहि तें आपटत नाहीं. हें कोडें पुढें दीडशें वर्षें सुटलें नाहीं. अमेरिकेंतील डोनाल्ड ग्रिफिन व रॉबर्ट गॅलांबोस यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दाखवून दिलें कीं हा प्राणी आपल्या कानांना ऐकूं न येणारे सूक्ष्म ध्वनि काढतो व त्यांच्या प्रतिध्वनीवरून वस्तु ओळखतो. फळें खाणाऱ्या मोठ्या वाघळांची गोष्ट निराळी. तीं मुख्यतः डोळ्यांनीं व नाकानें मार्ग काढतात, आणि त्यांचे डोळे मंद उजेडासाठींच घडलेले असतात. उंबराच्या फळांवर आणि मोहाच्या फुलांवर रात्रीं जी झुंबड उडते ती यांचीच; त्यांनीं दूर नेऊन टाकलेल्या बियांनीं डोंगरउतारावर कित्येक झाडें उगवतात.

आतां या प्राण्यावर रात्रीच्या दिव्याचा काय परिणाम होतो तें पाहूं. याविषयींचें एक फार सुंदर संशोधन आपल्याच देशांत झालें आहे. मदुरै कामराज विद्यापीठांत एम. के. चंद्रशेखरन् व त्यांचे सहकारी यांनीं १९७० च्या दशकापासून तेथील गुहेंत राहणाऱ्या, नाकावर पानासारखी घडी असलेल्या वटवाघळांचा अभ्यास केला. गुहेच्या अंतर्भागीं दिवस आणि रात्र सारखींच काळोखी. मग बाहेर पडण्याची वेळ झाली हें आंत टांगलेल्या जिवाला कळतें कसें? एक तर त्याच्या शरीरांतच एक घड्याळ असतें. दुसरें, सूर्यास्ताच्या सुमारास हीं वटवाघळें गुहेच्या तोंडाशीं येऊन बाहेरचा उजेड अजमावतात आणि त्यावरून तें घड्याळ जुळवून घेतात. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. कांहीं वटवाघळें गुहेंत पिंजऱ्यांत कोंडून ठेवलीं, तरी मोकळ्या सोबत्यांच्या येण्याजाण्यावरून तींहि आपलें घड्याळ बरोबर राखीत. अशा एका गुहेच्या तोंडावर रात्रभर जळणारा दिवा लावला तर काय होईल याची कल्पना करणें कठीण नाहीं. उजेड अजमावण्यास दाराशीं आलेल्या त्या जिवांपुढें सूर्य मावळतच नाहीं.

या अनुमानाला युरोपांतील निरीक्षणांचा दुजोरा आहे. हंगेरींत ज्या इमारतींत वटवाघळांच्या वसाहती आहेत अशांपैकीं कांहीं बाहेरून उजळलेल्या आणि कांहीं अंधाऱ्या, अशांची तुलना २००७ मध्यें प्रसिद्ध झाली. उजळलेल्या इमारतींतून माद्या उशिरां बाहेर पडत, आणि त्यांचीं पिलें अंधाऱ्या इमारतींतल्या पिलांपेक्षां खुजीं राहत. कारण उघड आहे. हवेंतील किड्यांची गर्दी सूर्यास्तानंतरच्या पहिल्या तासाभरांत सर्वांत अधिक असते. तेवढा वेळ चुकला कीं आईचें पोट अर्धें राहतें, आणि दूधहि. दक्षिण स्वीडनमधील जुन्या चर्चांची कथा आम्हां लेण्यांच्या देशांतील लोकांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांच्या माळ्यांवर पिढ्यानुपिढ्या लांब कानांचीं वटवाघळें राहत. १९८० च्या दशकांत पाहिलेलीं तीं चर्चें २०१६ मध्यें पुन्हा पाहिलीं. मधल्या काळांत पुष्कळ चर्चांवर सौंदर्यासाठीं बाहेरून प्रकाशझोत सोडले गेले होते. जीं अंधारीं राहिलीं त्यांत वसाहती टिकल्या होत्या. जीं उजळलीं त्यांपैकीं अनेकांतून त्या नाहींशा झाल्या होत्या. दगड जागच्या जागीं होता, छप्पर शाबूत होतें, कोणीं वाघळांना दगड मारला नव्हता. फक्त दिवे लावले होते.

निवाऱ्याबाहेरहि तोच प्रकार. इंग्लंडांत २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत झुडपांच्या कुंपणाकडेनें ज्या वाटांवरून घोड्याच्या नालेसारख्या नाकाचीं छोटीं वटवाघळें रोज जात-येत, त्या वाटांवर रस्त्यावरच्यासारखे दिवे लावून पाहिले. त्यांचें येणेंजाणें एकदम कमी झालें व निघण्यास उशीर होऊं लागला. कोस्टा रिका देशांत फळें खाणाऱ्या एका जातीनें उजेडांतलें फळ सोडून अंधारांतलें पसंत केलें, असें २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें. उजेडांतल्या झाडाचें फळ तेथेंच गळणार, बी तेथेंच पडणार, असा याचा अर्थ.

यावर कोणी म्हणेल, आमच्या गल्लींतल्या दिव्याभोंवतीं तर पाकोळ्या रोज खेळतात. मग उजेड त्यांना नकोसा कसा? हा आक्षेप खोटा नाहीं. लांब अरुंद पंखांच्या, वेगानें उडणाऱ्या कांहीं जाति दिव्याजवळ जमलेल्या किड्यांवर ताव मारतात. पण त्या दिव्यानें आसपासच्या रानांतले किडे ओढून घेतलेले असतात, आणि दाट झाडींत सावकाश उडणाऱ्या, उजेडाला भिणाऱ्या ज्या जाति आहेत त्यांचें ताट तेवढें रिकामें होतें. पतंगांपैकीं कित्येकांना वटवाघळाचा ध्वनि ऐकून निसटण्याची कला साधलेली असते; दिव्याच्या झगमगाटांत ती त्यांना नीट साधत नाहीं असेंहि आढळलें आहे. तेव्हां दिव्याखालचा तो खेळ सुबत्तेची खूण समजूं नये. दुष्काळांत सावकाराचें दुकान चालतें, तशांतला तो प्रकार आहे.

मावळापुरतें बोलावयाचें तर या सगळ्याला एक ऐतिहासिक उपरोध आहे. मुंबईच्या गिरण्यांना जी वीज मिळाली ती मावळच्या पाण्यांतून. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील धरणांचें पाणी घाटाखालीं सुमारें सतराशें फूट उतरवून टाटांनीं १९१५ मध्यें खोपोलीचें वीजगृह चालू केलें. अंदर मावळांतील ठोकरवाडीच्या धरणावर १९२२ मध्यें भिवपुरीचें वीजगृह उभें राहिलें. पाणी आणि बुडालेलीं शेतें मावळचीं, प्रकाश मुंबईचा. मावळच्या वाड्यावस्त्यांवर पुष्कळ वर्षें रॉकेलची चिमणीच राहिली. आतां तो प्रकाश परत आला आहे, पण तो आणला कोणीं? २००२ मध्यें द्रुतगति मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुण्याची शनिवार-रविवारची वस्ती डोंगरउतारावर पसरली. बंगल्यांच्या आवारांत आंब्याच्या खोडांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या असतात, कुंपणावर झोत असतात, आणि मालक आठवड्यांतले पांच दिवस शहरांत असतांनाहि ते जळत राहतात. शांततेसाठीं येथें येणाऱ्यांनीं शहराची रात्र बरोबर आणावी, ही रसिकता मला तरी समजत नाहीं.

ज्याला यांत केवळ भूतदया दिसत असेल त्यानें भाताकडे पाहावें. मावळ हें इंद्रायणी तांदुळाचें खोरें. भाताचा शत्रु जो खोडकिडा त्याचा पतंग रात्रीं उडतो. आमच्या खाचरांवर वटवाघळें किती कीड टिपतात याचा हिशेब मजजवळ नाहीं. पण थायलंडमध्यें एकाच जातीच्या वटवाघळांमुळें भातावरील तुडतुड्यांपासून जें पीक वांचतें तें वर्षाला सुमारें सव्वीस हजार माणसांच्या अन्नाइतकें आहे, असा अंदाज २०१४ मध्यें केला गेला. हा पगार न घेणारा राखणदार आहे.

आतां माझ्या विषयाच्या मूळ जागीं येतों. कारण टीकेचा प्रश्न शेवटीं सौंदर्याचा आहे. कार्ल्याचा चैत्य ज्यांनीं कोरविला त्यांत वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी होता. जंबुद्वीपांत असें शैलगृह दुसरें नाहीं, असा अभिमान त्यानें शिलालेखांत नोंदविला आहे, आणि तो अनाठायीं नाहीं. पण या शैलगृहाची शोभा कशांत आहे? पश्चिमेकडे तोंड केलेल्या त्या विशाल कमानदार गवाक्षांतून उतरता उजेड आंत येतो. दोहों बाजूंच्या पंधरा-पंधरा स्तंभांच्या शीर्षांवरील हत्ती आणि स्वार अर्धवट उजळतात. स्तंभांमागच्या वाटा सावलींतच राहतात. आणि वर लांकडी फांसळ्यांपाशीं, छताखालीं, काळोख दाटलेला असतो. शिल्पकारानें प्रकाशाइतकाच अंधारहि कोरला आहे. मोठ्या झोताच्या दिव्यानें हें सारें एका पातळींत येतें. स्तंभामागें काय आहे ही उत्सुकता संपते, शिल्पाच्या सावल्या भलत्याच दिशेनें पडतात आणि दगड पुठ्ठ्यासारखा दिसूं लागतो. गवयाच्या दोन स्वरांमधली शांतता भरून काढण्यासाठीं कोणीं पेटी सतत दाबून धरावी, तसें हें होय. लेण्याला जें मारक तेंच लेण्यांतल्या वाघळाला मारक आहे, हा मला केवळ योगायोग वाटत नाहीं. दोघांनींहि उजेडाची मर्यादा गृहीत धरलेली आहे.

जुलै १९२५ मध्यें अशी चर्चा कोणाला सुचली नसती. जुलै २०२५ मध्यें मात्र ती निकडीची झाली. त्या महिन्यांत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि त्यांत मावळचा लोहगड आहे. मानापाठोपाठ रोषणाईची मागणी येते असा आपल्याकडचा अनुभव आहे. कडेकपारींवर रात्रभर रंगीत झोत सोडणें हा आमच्या मतें इतिहासाचा गौरव. पण मावळ्यांचा इतिहास अंधाराचा मित्र होता, हें आम्ही विसरतों. लाल महालांत शिवाजीमहाराज १६६३ च्या एप्रिलांत शिरले ते रात्रीं. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी कोंढाण्याचा कडा चढला तोहि रात्रीं. ज्या अंधारानें त्यांना झांकलें त्याला त्यांच्याच नांवानें गडावरून हांकलून लावणें विचित्र नव्हे काय? गडाच्या टांक्यांत, कोठारांत आणि लेण्यांत जे जीव दिवसा विसावतात त्यांचा विचार तर ठरावाच्या कागदावर येतहि नाहीं.

आणि भाषेचें काय? मराठींत संध्याकाळपासून पहांटेपर्यंतच्या वेळांना किती नांवें आहेत: दिवेलागण, कातरवेळ, निजानीज, मध्यरात्र, उत्तररात्र, झुंजुमुंजु, तांबडें फुटणें. यांतला प्रत्येक शब्द अंधाराची एक निराळी जात सांगतो. वाघळें बाहेर पडतात ती वेळ नेमकी कातरवेळेची. ज्या गांवीं सायंकाळीं सहा वाजतां खांबावरचे दिवे आपोआप लागतात आणि सकाळीं आपोआप विझतात तेथें हे शब्द मुलांना पाठ करून शिकवावे लागतील, आणि अर्थ सांगतांना दाखवावयास कांहीं उरणार नाहीं. जो शब्द अनुभवावांचून राहतो तो कवितेंत कृत्रिम होतो. आजच्या बऱ्याच निसर्गकवितांत कातरवेळ येते ती अशीच, कागदी फुलासारखी.

प्रामाणिकपणें एक गोष्ट नोंदविली पाहिजे. घाटाखालच्या वा पवन मावळांतल्या वस्तीवर राहणाऱ्या बाईला विहिरीच्या वाटेवर, गोठ्याच्या दारांत दिवा हवा असतो. तेथें फुरशाचें आणि घोणशीचें भय आहे, कोठें बिबट्याचेंहि आहे. तिला अंधाराचें माहात्म्य सांगणें हा निर्दयपणा होईल. वटवाघळांविषयींची भीतीहि सर्वस्वीं निराधार नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेच्या संशोधकांना महाबळेश्वरच्या गुहेंतील वटवाघळांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्याचें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यावरून गुहेंत शिरून त्यांना डिवचूं नये एवढाच बोध निघतो. झोतानें हुसकलेलीं वाघळें गुहा सोडून दुसरीकडे निवारा शोधणार, आणि तो आपल्या वस्तीपासून दूरच असेल याची हमी कोण देईल?

भांडण आहे तें पाहण्यापुरत्या दिव्याशीं नव्हे, दाखविण्याच्या दिव्याशीं. गोठ्यावरचा दिवा खालीं तोंड करून, आच्छादन घालून लावतां येतो. जातां-येतां पेटेल आणि मागाहून विझेल असाहि करतां येतो. नेदरलंड्समध्यें रानाकडेला निरनिराळ्या रंगांचे दिवे लावून पाहिले, तेव्हां उजेडाला भिणाऱ्या जातींनीं पांढरा आणि हिरवा प्रकाश टाळला, पण तांबड्या प्रकाशांत त्यांचा वावर अंधारांतल्याइतकाच राहिला, असें २०१७ मध्यें प्रसिद्ध झालें. एकवीरेच्या पायऱ्यांवर भाविकांच्या पावलापुरता मंद दिवा असावा. शेजारच्या चैत्याच्या तोंडावर झोत नसावा. चैत्य लोक दिवसाच पाहतात, रात्रीं तेथें उजेड कोणासाठीं?

लोहगडाची रोषणाई टळत नसेल तर आपल्या देवळांपुढील दीपमाळेचा नियम तिला लावावा. दीपमाळ रोज पाजळीत नसत. त्रिपुरी पौर्णिमेला ती उजळे, सारा गांव पाहावयास येई, आणि दुसऱ्या दिवशीं तिच्या कोनाड्यांतून काजळीखेरीज कांहीं नसे. गडालाहि वर्षांतली अशी एखादी रात्र द्यावी, ती वाघळांच्या विणीच्या दिवसांत येणार नाहीं एवढें जाणकारांस विचारून घ्यावें, आणि दुसऱ्या दिवशीं दिवे उतरवून पायथ्याशीं आणून ठेवावे.